तिरंग्यातली पेटी कुणी पाहावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लढाईत पडलेल्या जवानांच्या तिरंग्यात गुंडाळलेल्या शवपेट्यांचे फोटो दाखवावेत का, या विषयावर गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळाने मला बोलायला बसवलं. पात्रता एवढीच, की ग्वाल्हेरच्या एका हिंदी दैनिकात मी सव्वीस वर्षं फोटो निवडण्याच्या टेबलावर होतो. भाषण पाऊण तासाचं झालं, पण प्रश्न प्रसाद संपला तरी संपेनात. मग चिठ्ठ्या आल्या, फोन आले, एका आजींनी तर मला सराफ्यात भर रस्त्यात गाठलं. तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवतो आहे. प्रश्न ज्या शब्दांत आले, जवळजवळ त्याच शब्दांत ठेवले आहेत.

एवढा वाद कसला? असे फोटो तर नेहमीच येतात.

येतात खरे. महाराजपुऱ्याच्या हवाई तळावर विमान उतरतं, पेटी खाली घेतात, पुष्पचक्रं वाहिली जातात आणि फौजेची गाडी भिंडच्या नाहीतर मुरैनाच्या रस्त्याला लागते. चंबळच्या या पट्ट्यातून घरटी नाही तरी गल्लीटी एक जण फौजेत असतो, त्यामुळे ग्वाल्हेरच्या छापखान्यांना हा फोटो नवा नाही. पण तो सवयीचा झाला म्हणून प्रश्न मिटला असं होत नाही. ती पेटी सरकारने पाठवलेली असते, आतला माणूस एका घरचा असतो आणि तो गेलेला असतो आपल्या सगळ्यांच्या नावावर. मग कॅमेरा कुणाच्या हुकमाने चालायचा, वाद एवढाच आहे. जगातल्या निरनिराळ्या देशांनी त्याची निरनिराळी उत्तरं दिली आणि बहुतेकांना ती एकदा तरी बदलावी लागली.

काका, तुम्ही गोल गोल बोलता. तुमचं मत आधी सांगा.

पेटी सगळ्यांना दिसावी. चेहरा घरच्यांचा.

हे मी कुठल्या परदेशी नियमावलीतून उचललेलं नाही. महाराष्ट्रात गावाच्या वेशीवर किंवा देवळाच्या आवारात वीरगळ उभे असतात. आपल्यापैकी ज्यांच्या घराण्याचं मूळ गाव साताऱ्याकडे नाहीतर कोकणात आहे, त्यांनी कुलदैवताला जाताना पाहिले असतील. दगडाच्या सगळ्यांत खालच्या चौकटीत वीर आडवा पडलेला असतो. वरच्या चौकटीत लढाई चालू असते किंवा अप्सरा त्याला घेऊन जात असतात. त्याच्या वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला असतो आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. म्हणजे आपल्या पूर्वजांनी रणात पडलेल्याचं चित्र झाकून ठेवलं नाही, येता-जाता दिसेल असं गावाच्या तोंडाशी उभं केलं. पण त्यात रक्त नाही, जखम नाही आणि चेहरा ओळखू येईल असाही नाही. हा पडला, आणि कशासाठी पडला, एवढं दगड सांगतो. तो पडल्यावर कसा दिसत होता, ते सांगत नाही. मला हे माप बरोबर वाटतं. पुढची बरीच उत्तरं त्याच मापाने मोजलेली आहेत, तेव्हा तुम्हाला मापच पटत नसेल तर पुढेही पटणार नाही.

भारतात असे फोटो काढायला किंवा छापायला बंदी आहे का?

सरसकट बंदी नाही. बंधनं आहेत, ती वेगळ्या कारणांनी. विमान उतरतं तो तळ हवाई दलाचा, तिथे परवानगीशिवाय कॅमेरा काढता येत नाही. मानवंदनेच्या वेळी पत्रकारांना आत बोलावतात, ते कुठे उभे राहतील हे आधीच ठरलेलं असतं. गावातल्या अंत्ययात्रेवर आणि चितेजवळ मात्र असा कुणाचा ताबा नसतो.

वाहिन्यांचं म्हणाल, तर दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण करायचं नाही, असा नियम २०१५ मध्ये केबल नियमावलीत घातला गेला. जानेवारी २०२३ मध्ये माहिती व प्रसारण मंत्रालयाने वाहिन्यांना आणखी एक सूचनापत्र पाठवलं. मृतदेह आणि रक्त धूसर न करता, जवळून दाखवू नका, असा त्याचा आशय. ते अपघात आणि हिंसाचाराच्या चित्रणाबद्दल होतं, तिरंग्यातल्या पेटीला ते लागू पडत नाही.

मग बंदी होती ती अमेरिकेत? ती कशी आली?

ती आली एका दुभागलेल्या पडद्यामुळे. डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकेने पनामावर चढाई केली. तिथे पडलेल्या सैनिकांच्या पेट्या डेलावेअर राज्यातल्या डोव्हर हवाई तळावर उतरत होत्या, त्याच वेळी राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश (थोरले) पत्रकारांशी हसतखेळत बोलत होते. काही वाहिन्यांनी पडद्याच्या एका बाजूला हे आणि दुसऱ्या बाजूला ते दाखवलं. बुश यांना दुसरी बाजू ठाऊक नव्हती, पण बघणाऱ्याला त्याचं काय! १९९१ च्या आखाती युद्धात डोव्हरवर कॅमेऱ्यांना बंदी आली. कारण दिलं गेलं घरच्यांच्या खासगीपणाचं.

पेटीवर नाव नसतं. वीस पेट्या एका रांगेत ठेवल्या तर कोणती कुणाची हे आईलाही कळणार नाही. मग खासगीपण नेमकं कुणाचं जपलं जात होतं, हा प्रश्न तिकडे अठरा वर्षं विचारला गेला. इराकचं युद्ध सुरू झाल्यावर, २००४ मध्ये, कुवेतमध्ये मालवाहू विमानांवर काम करणाऱ्या एका बाईंनी पेट्यांनी भरलेल्या विमानाचा फोटो काढला. तो सिॲटलच्या वर्तमानपत्रात आला आणि त्यांची नोकरी गेली. त्याच महिन्यात माहितीच्या अधिकारासारख्या तिकडच्या कायद्याखाली अर्ज केल्यावर हवाई दलाने स्वतःच काढलेले तीनशेहून अधिक फोटो बाहेर आले. म्हणजे कॅमेरा तिथे होताच, फक्त तो सरकारचा होता.

फेब्रुवारी २००९ मध्ये संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी बंदी उठवली आणि निर्णय घरच्यांवर सोडला. एप्रिलमध्ये पहिल्यांदा एका कुटुंबाच्या संमतीने पत्रकार डोव्हरच्या धावपट्टीवर उभे राहिले. कॅनडाने २००६ मध्ये अशीच बंदी घातली होती, ती लोकांच्या ओरडीने काही आठवड्यांतच ढिली करावी लागली. ट्रेंटन तळाहून टोरोंटोला जाणाऱ्या महामार्गाच्या पुलांवर लोक झेंडे घेऊन उभे राहू लागले. त्या रस्त्याला आता ‘वीरांचा महामार्ग’ असंच नाव आहे.

इंग्लंडमधल्या त्या गावाची गोष्ट काय आहे?

वूटन बॅसेट. लिनम तळाजवळचं छोटं बाजाराचं गाव. २००७ मध्ये पार्थिवं लिनमला उतरू लागली आणि गाड्या या गावाच्या मुख्य रस्त्यावरून जाऊ लागल्या. सुरुवातीला काही जुने फौजी रस्त्याच्या कडेला उभे राहून सलाम करत. मग दुकानदार बाहेर येऊ लागले, चर्चची घंटा वाजू लागली, बाहेरगावचे लोक येऊ लागले. कुणी हुकूम दिला नव्हता, मंडप नव्हता, भाषण तर नव्हतंच. २०११ पर्यंत १६७ वेळा हे झालं आणि ३४५ जण त्या रस्त्याने गेले. नंतर विमानं दुसऱ्या तळावर उतरू लागली आणि गावाला ‘रॉयल’ ही पदवी मिळाली.

पुढे, २०१३ मध्ये, तिकडच्या संरक्षण मंत्रालयाचं एक अंतर्गत टिपण वर्तमानपत्रातून बाहेर आलं. लोकांना सैनिकांचे मृत्यू फार टोचू नयेत म्हणून पार्थिव परतण्याचे समारंभ कमी गाजावाजाचे करावेत, अशी त्यात सूचना होती. गावाने शांतपणे उभं राहणंही कुणाला तरी जड जातं, ते असं.

आमचे आजोबा सांगायचे की पूर्वी देह घरी येतच नसे. खरं का?

खरं. १९६२, १९६५, १९७१ या युद्धांत बहुतेकांचे अंत्यसंस्कार आघाडीजवळच झाले. घरी तार यायची, मागाहून अस्थी, एक ट्रंक, घड्याळ, पत्रांचा गठ्ठा. लडाखमधल्या रेझांग ला खिंडीत १८ नोव्हेंबर १९६२ रोजी कुमाऊं रेजिमेंटच्या तुकडीतले ११४ जण पडले आणि त्यांचं काय झालं हे हिवाळा सरेपर्यंत नीट कळलंही नव्हतं. १९६३ च्या सुरुवातीला एका मेंढपाळाला ते दिसले, बर्फात गोठलेले, हातात शस्त्रं तशीच. त्यांच्यातल्या बहुतेकांना अग्नी तिथेच चुशूलजवळ दिला गेला.

बदल झाला कारगिलला. १९९९ मध्ये पार्थिव विमानाने, मग गाडीने, थेट गावापर्यंत पोचवायची पद्धत पडली. सरकारी आकड्याप्रमाणे ५२७ जण त्या लढाईत गेले आणि टीव्हीच्या वाहिन्या नुकत्याच घराघरांत आल्या होत्या. त्या उन्हाळ्यात पहिल्यांदाच आख्ख्या देशाने पेट्या पाहिल्या. आज आपण जिला परंपरा समजतो ती अजून तीस वर्षांचीही नाही.

त्या पेट्यांचाही पुढे घोटाळा निघाला. परदेशातून मागवलेल्या ॲल्युमिनियमच्या पेट्या, एकेक अडीच हजार डॉलरची, आणि महालेखापालांचा ताशेरा. खटला चालला, २०१३ मध्ये न्यायालयाने पुराव्याअभावी आरोपींना मोकळं केलं. शब्दांचीही तेव्हा गंमत व्हायची. हिंदीत पेटीला ‘ताबूत’ म्हणतात. आमच्या घरात ताबूत म्हणजे मोहरमचे. १९९९ मध्ये आई टीव्हीवरच्या बातम्या ऐकून विचारायची, ‘अरे, या महिन्यात कसले रे ताबूत?’

नाहीच पाहिलं तर काय बिघडतं? नाव कळलं, संख्या कळली, पुरे की.

या प्रश्नावर मी सगळ्यांत जास्त बोललो होतो, इथेही बोलणार.

पानिपतची बातमी पुण्याकडे कशी गेली हे आपण शाळेत शिकलो. दोन मोत्ये गळाली, सत्तावीस मोहरा हरवल्या, रुपये-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. विश्वासराव आणि भाऊसाहेब ही दोन मोत्ये. बाकी हजारो माणसं ‘खुर्दा’. त्यांची ना नावं आली ना देह. भाऊसाहेबांचा देह म्हणून जो रणात सापडला त्याला शीर नव्हतं, तिथल्या लोकांनी ओळख पटवून अग्नी दिला. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तो पाहिला नव्हता. त्यांनी वैधव्य मानायला नकार दिला आणि १७६३ मध्ये त्या गेल्या त्या सौभाग्यवती म्हणूनच. मग भाऊसाहेबांचा तोतया उभा राहिला, त्याच्यामागे माणसं जमली, पैसा जमला, आणि पानिपतानंतर पंधरा वर्षांनी, १७७६ मध्ये, पेशवाईला तो निस्तरावा लागला. ग्वाल्हेरवाल्यांसाठी सांगतो, जनकोजी शिंदे रणातून जखमी पकडले गेले आणि गुपचूप मारले गेले. त्यांचाही तोतया निघाला. जिथे डोळ्यांनी पाहिलेलं नसतं तिथे तोतया शिरतो.

आपल्या धर्मशास्त्राला हे ठाऊक होतं. देह मिळालाच नाही तर पळसाच्या पानांचा आणि देठांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असा पालाशविधी सांगितला आहे. पानांचं का होईना, डोळ्यांसमोर काहीतरी जळायला हवं.

आता आजचे तोतये. कारगिलच्या वेळी पाकिस्तानने आपले सैनिक तिथे आहेत हेच नाकारलं. त्यांच्या कित्येकांचे देह घ्यायलाही कुणी आलं नाही, भारतीय सैन्याने त्यांच्या धर्माप्रमाणे त्यांचं दफन केलं. अकरा वर्षांनी, २०१० मध्ये, त्यांच्याच सैन्याच्या संकेतस्थळावर ४५३ नावं दिसली. गलवानला १५ जून २०२० रोजी आपले वीस जण गेले. त्यांच्या अंत्ययात्रा आपण त्याच आठवड्यात पाहिल्या. चीनने स्वतःचे चार गेल्याचं मान्य केलं ते फेब्रुवारी २०२१ मध्ये, आणि त्या आकड्यावर शंका घेणाऱ्या एका लेखकाला तुरुंगात घातलं. सोव्हिएत काळात अफगाणिस्तानातून जस्ताच्या पेट्या यायच्या. त्यांना कागदोपत्री नाव होतं ‘माल २००’. कितीतरी घरांना थडग्यावर अफगाणिस्तानचा उल्लेखही करू दिला गेला नाही.

जिथे पेटी लपते तिथे आकडा सांगणाऱ्याच्या तोंडाकडे बघत बसावं लागतं. पेटी दिसली की निदान मोजता येतं.

पण झाशीच्या राणींनी तर आपला देह कुणाच्या हाती लागू दिला नाही. त्या ग्वाल्हेरातच ना?

हा प्रश्न फूलबागेजवळ राहणाऱ्या एका शाळकरी मुलीचा होता आणि त्या संध्याकाळचा सगळ्यांत चांगला प्रश्न हाच.

जून १८५८. राणी जखमी झाल्या, त्यांना बाबा गंगादासांच्या मठात आणलं आणि इंग्रजांच्या हाती देह पडू नये म्हणून गवताच्या गंजीचीच चिता केली, असं ग्वाल्हेरात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. समाधी तिथेच आहे, दर जूनमध्ये मेळा भरतो.

आता त्याच वर्षी लखनौत काय चाललं होतं ते बघा. फेलिस बिआटो नावाचा छायाचित्रकार सिकंदरबागेत पोचला. तिथली कत्तल आदल्या नोव्हेंबरातली. बिआटोच्या प्रसिद्ध चित्रात पडक्या इमारतीपुढे सांगाडे विखुरलेले दिसतात, आणि ती हाडं फोटोसाठी उकरून मांडली होती असं अभ्यासक मानतात. मेलेल्यांचे फोटो काढण्याची सुरुवात जगात जिथे जिथे झाली, त्यातली एक जागा ही, आपल्याच देशातली, आणि मेलेले आपलेच. कॅमेरा जिंकणाऱ्याचा होता.

तेव्हा राणींनी नाकारलं ते शत्रूच्या हाती पडणं, लोकांना दिसणं नव्हे. आज जिथे चिता पेटली तिथे हजारो लोक जातात. देह घरच्यांनी, साधूंनी, आपल्या माणसांनी सांभाळला आणि जागा सगळ्यांची झाली. मला तर हे वीरगळाचंच माप वाटतं.

पेट्या दिसल्या की लोक लढाईला विरोध करू लागतात, असं म्हणतात.

अमेरिकेत जॉन म्यूलर यांनी १९७३ मध्ये कोरिया आणि व्हिएतनामचा अभ्यास करून दाखवलं, की मृतांचा आकडा वाढतो तसा पाठिंबा घटतो. पुढे ड्यूक विद्यापीठातल्या फीव्हर आणि गेल्पी यांनी म्हटलं, की लोक जीवहानी सोसतात, जिंकण्याची आशा असेल तर. आपला अनुभव तर उलटाच दिसतो. कारगिलच्या आणि पुलवामाच्या पेट्यांनी राग आणि जोर वाढवला.

मला एवढंच कळतं, की पेटी स्वतः काही बोलत नाही. तिच्याशेजारी कोण उभं राहून बोलतं त्यावर असतं. सरकारं तिला कधी लपवतात, कधी मिरवतात. दोन्हींत भीती तीच.

पेटी उघडून चेहरा पाहायचा हक्क कुणाचा? आमच्याकडे तर अंत्यदर्शनाशिवाय उचलत नाहीत.

हे सगळ्यांत अवघड. आपल्याकडे मुखदर्शन म्हणजे नुसता रिवाज नाही. तोंडात गंगाजल घालायचं असतं, तुळशीपत्र ठेवायचं असतं, आईला गालावरून हात फिरवायचा असतो. पेटी बंद आली तर घर अर्धं राहतं. सोबत आलेले फौजी कधी कधी हळूच सांगतात, ‘मत खोलिए’. ते कोरडे म्हणून नव्हे, त्यांनी आत काय आहे ते पाहिलेलं असतं. स्फोटात, बर्फात, पाण्यात देहाचं जे होतं ते मी इथे लिहिणार नाही.

मी पाहिलेली सगळ्यांत शहाणी तोड एका घराने काढली होती. गेलेल्याच्या थोरल्या भावाने एकट्याने आत जाऊन पाहिलं, बाहेर येऊन आईला म्हणाला, ‘तोच आहे. हात बघ.’ आणि फक्त हात दाखवला. आईने हातात तुळस ठेवली.

हा निर्णय घरचाच. पण घर म्हणजे कोण? बायको, आई, वडील यांचं एकमत नसेल तर? माझ्या मते आधी बायकोचं ऐकावं, मग आई-वडिलांचं. सरपंचाचं, आमदाराचं आणि वार्ताहराचं मत विचारायचं कारण नाही. उघडलीच पेटी, तर त्या दहा मिनिटांत खोलीत मोबाइल नको. एकाही भाच्याचा नको.

घरच्यांनी फोटो नको म्हटलं, तर मग सगळंच झाकायचं?

घरच्यांचा अंगणातला ‘नको’ अंतिम. चितेजवळचाही. पण धावपट्टीवर, नाव नसलेली पेटी, सलामी देणारी तुकडी, एवढं दिसायला हवं असं मला वाटतं. हे काहींना कठोर वाटेल. आमच्याच मंडळातले एक निवृत्त सुभेदार यावर चिडले. ‘मेलेल्याचा मालक घर की वाचक?’ त्यांच्या प्रश्नाला माझ्याकडे पुरतं उत्तर नव्हतं, आजही नाही. एवढंच म्हणेन, की त्याला पाठवताना देशाच्या नावाने पाठवलं होतं.

रडणाऱ्या आईचा फोटो छापावा का?

विचारून. आणि त्या दिवशी नाही, कारण त्या दिवशी ती ‘हो’ म्हणाली काय अन् ‘नाही’ म्हणाली काय, तिला कळत नसतं. माइक पुढे करून ‘आपको कैसा लग रहा है’ विचारणाऱ्यांबद्दल मी काही लिहीत नाही. हे पान मुलंही वाचतील.

भाऊजी, लहान मुलांनी पाहावं का हे?

वहिनी, तिरंग्यातली पेटी पाहू द्यावी, शेजारी बसून. बाकीचं नको.

निवडणुकीच्या पोस्टरवर जवानांचे फोटो चालतात का?

नाही. निवडणूक आयोगाने डिसेंबर २०१३ मध्ये पक्षांना तसं कळवलं होतं, पुलवामानंतर ९ मार्च २०१९ रोजी पुन्हा बजावलं. तरी लागतात. हल्ली पेटीच्या मागे निघणाऱ्या यात्रेत डीजेचा ट्रक असतो आणि ट्रकवर पुढच्या उमेदवाराचा हात जोडलेला फ्लेक्स. भिंडकडच्या एका गावात एका म्हाताऱ्याने तो डीजे बंद करायला लावलेला मी पाहिला. म्हणाला, पोरगा झोपलाय.

व्हॉट्सअ‍ॅपवर असा फोटो आला तर पुढे पाठवू का?

चेहरा किंवा जखम दिसत असेल तर पाठवू नका, कितीही श्रद्धेने पाठवलेला असो. घरच्यांना बातमी कळायच्या आधी फोटो गावात पोचलेला असतो, असं होतं. शिवाय या चित्रांत जुनं नव्या नावाने खपवणं फार. दुसऱ्याच देशातला, दुसऱ्याच सालचा फोटो आपल्या सीमेवरचा म्हणून फिरतो. फोटोत गणवेश कोणता, गाडीवरचे क्रमांक कोणत्या लिपीत, झाडं कुठली, एवढं बघितलं तरी निम्मे तोतये पकडले जातात. हो, तोच शब्द.

शहीद म्हणायचं की हुतात्मा?

सरकारी कागदावर यातला कुठलाच शब्द नसतो. २०२२ मध्ये सैन्यानेही आपल्या कार्यालयांना ‘मार्टर’ शब्द टाळायला सांगितलं. मराठीत ‘वीरमरण आलं’ हे मला पुरेसं वाटतं. घरच्यांना जो शब्द प्रिय असेल तो त्यांच्यासमोर वापरावा.

पेटीवरचा झेंडा कसा असतो? तो चितेत जातो का?

नाही, कधीच नाही. ध्वजसंहितेप्रमाणे केशरी पट्टा डोक्याच्या बाजूला येतो. झेंडा चितेत जाळायचा नाही, कबरीत उतरवायचा नाही. आधी काढून, घडी घालून घरच्यांच्या हाती देतात. फोटो ओळखायलाही हे कामी येतं. जळत्या चितेवर तिरंगा दिसला तर चित्र बनावट आहे नाहीतर कुणाची तरी मोठी चूक झाली आहे.

शत्रूच्या मेलेल्यांचे फोटो?

आपल्यांना लावलं तेच माप. कारगिलला टायगर हिलवर पडलेल्या पाकिस्तानच्या कॅप्टन कर्नल शेरखानचा (‘कर्नल’ हा त्याच्या नावाचाच भाग) देह परत करताना आपल्या ब्रिगेडियर बाजवा यांनी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली, हा शौर्याने लढला म्हणून. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर हा आपला सर्वोच्च लष्करी सन्मान दिला. शत्रूच्या देहाशी कसं वागावं, हे मला त्या चिठ्ठीतून कळतं.

काका, एवढं सांगता, तुम्ही स्वतः कधी चुकलात का?

जुलै १९९९. भिंडच्या एका खेड्यातून आमच्या फोटोग्राफरने रीळ आणलं. छत्तीस चौकटी. संपादकांना घाई होती आणि मलाही. मी निवडली ती चितेला अग्नी देणाऱ्या सहा-सात वर्षांच्या मुलाची. चेहरा पूर्ण फ्रेमभर, डोळ्यांत ज्वाळा. पहिल्या पानावर पाच कॉलम. त्या दिवशी सगळीकडून शाबासकी आली. कुणी त्या मुलाला विचारलं नव्हतं, मी तर नाहीच. पुढे वर्षानुवर्षं तो चेहरा वर्धापनाच्या पुरवण्यांत, फ्लेक्सवर, कुणाकुणाच्या कॅलेंडरवर फिरत राहिला.

तेराव्यानंतर त्या मुलाचा काका कार्यालयात आला. आता हा आपल्याला बोलणार, म्हणून मी खुर्चीतून उठलोच. तो भांडायला आला नव्हता. त्याला फोटो हवे होते. मी अभिमानाने तोच मोठा प्रिंट पुढे केला. त्याने पाहिला आणि उलटा करून टेबलावर ठेवला. म्हणाला, दुसरे दाखवा. मग भिंगाखाली रिळाची पट्टी बघत बघत तो एकोणिसाव्या चौकटीवर थांबला. मी ती ‘जान नहीं है’ म्हणून टाकून दिलेली. गावाबाहेरचा माळ, दूर मध्यभागी छोटीशी पेटी, आणि चारी बाजूंना, छपरांवर, ट्रॅक्टरवर, लिंबाच्या झाडावर माणसंच माणसं.

तिचा प्रिंट काढून दिला. घरी आजी विचारते कोण कोण आलं होतं, तिला त्या दिवशी काही दिसलं नाही, म्हणाला. मग तिथेच उभ्या उभ्या बोट ठेवून तो माणसं ओळखू लागला. हे मामा, हे अटेरवाले, हे मास्तरजी, ही शेजारची, हिच्याशी आमचं बोलणं नव्हतं.